हातात डबा घेतलेला गीतकार

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, चाकणच्या एका कारखान्यात जुळणी विभागात नोकरी, पाच-सहा वर्षांपासून गिटार घेऊन स्वतःची गाणी लिहिणं चालू आहे आणि सोल या काळ्या अमेरिकन संगीताचं वेड आहे. सोल गीतकाराचं आयुष्य आणि करिअर प्रत्यक्षात कसं असतं, त्यात पैसा कुठून येतो, आणि या वयात सुरुवात करायची म्हणजे उशीर झाला का? सोबत स्वतः लिहिलेलं एक गाणंही पाठवलंय.

मी २६ वर्षं गाणी लिहितोय आणि चाली बांधतोय. जाहिराती केल्या, मालिकांची शीर्षकगीतं केली, थोडे अल्बम केले. सोल मात्र मी पोटासाठी केलं नाही, ते मी ऐकत आलो आणि शिकवत आलो. तुमच्या पत्रातला 'जुळणी विभाग' हा शब्द वाचला आणि ठरवलं, उत्तर एकाच माणसाच्या आयुष्यातून द्यायचं. बिल विदर्स, सोलमधले अमेरिकन गायक-गीतकार.

१९७१ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'चं, कव्हर शोधून बघा. झगमगीत कपडे नाहीत, माइक नाही. कामावरच्या साध्या कपड्यांतला एक माणूस जेवणाचा डबा हातात धरून उभा आहे. तो फोटो कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये, ते ज्या कारखान्यात कामाला होते तिथेच, जेवणाच्या सुट्टीत काढलेला आहे. तिथे ते बोइंग ७४७ विमानांतले संडास जोडायचे. हा अल्बम रेकॉर्ड करायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं वय किती होतं सांगू? ३२.

आता आधी धंद्याबद्दल दोन शब्द, कारण विदर्स यांचा रस्ता नेहमीचा नव्हता हे तुम्हाला माहीत असायला हवं. सोल म्हणजे काळ्या अमेरिकन चर्चमधलं गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांचा संसार. साठच्या दशकात तो बहरला, तेव्हा गीतकार बहुधा एखाद्या कंपनीच्या घरचा माणूस असायचा. डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात काम करून आलेले. गाणीही तशीच शिस्तीत तयार झाली पाहिजेत हा त्यांचा खाक्या. तिथल्या हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिघांनी सुप्रीम्स या गायिकांच्या ग्रुपला पहिल्या क्रमांकाची दहा गाणी दिली आणि शेवटी पैशांवरूनच कंपनीशी त्यांचं कोर्टात वाजलं. मेंफिसच्या स्टॅक्स या कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या थिएटरात होता. आयझॅक हेज यांच्या जोडीने तिथे ढीगभर गाणी लिहिणारे डेव्हिड पोर्टर आधी रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात कामाला होते. म्हणजे कारखाना, दुकान, चर्च, हेच या लोकांचं विद्यापीठ. सोलचे गीतकार आकाशातून पडलेले नाहीत.

विदर्स यांच्यामागे मात्र असलं घर नव्हतं. ४ जुलै १९३८ चा जन्म, गाव स्लॅब फोर्क, वेस्ट व्हर्जिनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव. वाढले जवळच्या बेकलीत. आईवडील लवकर वेगळे झाले आणि बिल तेरा वर्षांचे असताना वडील गेले. घरात आई आणि आजी. त्यात हा मुलगा बोलताना अडखळायचा, इतका की वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ते अडखळणं सुटलं नाही. मी शिकवताना यावर नेहमी थांबतो. ज्याला प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर काढायला कष्ट पडतात, तो माणूस शब्द उधळत नाही. विदर्स यांची गाणी लिहून काढा आणि त्यातले अवघड शब्द मोजा. मला तरी सापडले नाहीत.

आजीवर त्यांनी 'ग्रँडमाज हँड्स' लिहिलं. उणंपुरं दोन मिनिटांचं गाणं. आजी प्रेमळ होती, तिने खूप सोसलं, तिची आठवण येते, यातलं एकही वाक्य त्यात नाही. गाणं बघतं फक्त तिच्या हातांकडे. रविवारी सकाळी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे हात. टँबोरिन वाजवणारे हात. जपून रहा म्हणून बजावणारे हात. कधी सुजणारे, ठणकणारे हात. पडलेल्या नातवाला उचलून घेणारे, त्याच्या हातावर खाऊ ठेवणारे. आणि शेवटी, स्वर्गात गेलो तर मी ते हातच शोधीन, एवढंच. आपल्याकडे आजीवर गाणं लिहायला सांगितलं की पहिल्या ओळीत 'माया' येते, दुसऱ्या ओळीत 'छाया'. दोन्ही शब्द वाईट नाहीत, पण त्यांतून कुणाचीच आजी दिसत नाही. हातांमधून सगळ्यांच्या आज्या दिसतात. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या आजीच्या बोटाला भाकरी थापताना चिकटलेलं पीठ आठवलं. वेस्ट व्हर्जिनियाचा आणि त्या पिठाचा संबंध काय? पण लागला.

सतराव्या-अठराव्या वर्षी ते नौदलात गेले. त्या काळी काळ्या मुलांना तिथे बहुतेक करून स्वयंपाकी किंवा वाढप्या करायचे. त्यांनी ठरवलं, ते नाही व्हायचं. म्हणून विमानाची यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं. नऊ वर्षं नौदलात काढली. सुटल्यावर कॅलिफोर्नियात घरोघरी दूध टाकण्याचं कामही केलं. या सगळ्या काळात संगीतातलं करिअर असं काही नव्हतं. वाद्य येत नव्हतं, बँड नव्हता.

मग ओकलंडच्या एका क्लबमधली ती रात्र. त्या रात्री लू रॉल्स गाणार होते आणि ते उशिरा आले. क्लबचा मॅनेजर येरझाऱ्या घालत कुरकुरत होता की आठवड्याला दोन हजार डॉलर देतो आणि हा माणूस वेळेवर येत नाही. विदर्स यांना तेव्हा तासाला तीन डॉलर मिळायचे. त्यात रॉल्स आले आणि इतका वेळ विदर्स यांच्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या बायका रॉल्स यांच्याभोवती जमल्या. विदर्स हे मोकळेपणाने सांगायचे. गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार विकत घेतली आणि आपली आपण शिकायला लागले. कलेची हाक वगैरे काही नाही. तासाचा भाव आणि थोडा हेवा. माझ्या वर्गात मुलं कधी कधी शरमून सांगतात की मला पैसे मिळवायचेत म्हणून गाणी लिहायचीत. त्यात शरम कसली? सुरुवात कशानेही होऊ दे.

१९६७ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. दिवसा कारखाना, रात्री गिटार. पगारातून पैसे बाजूला टाकायचे आणि स्टुडिओत जाऊन डेमो करायचा. डेमो घेऊन कंपन्यांची दारं झिजवायची. शेवटी १९७० च्या सुमारास क्लॅरन्स अवॉन्ट यांनी आपल्या ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीत त्यांना घेतलं आणि अल्बमचं काम दिलं बुकर टी. जोन्स यांच्याकडे. हेच ते स्टॅक्सचे ऑर्गनवादक. बुकर टी. यांनी सांगितलेली आठवण मला फार आवडते. विदर्स कामावरून थेट आले, पायात जाड बूट, खटारा गाडी, हातात गाण्यांनी भरलेली वही. स्टुडिओत जमलेले वादक बघून त्यांनी बुकर टी. यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी गाणार कोण? बुकर टी. म्हणाले, तूच. त्यांना खरंच वाटलं होतं की दुसरा कुणीतरी गायक बोलावलेला असणार.

पैशाच्या ओढाताणीमुळे रेकॉर्डिंग सलग झालं नाही. दोन सत्रं झाली, मग सहा महिने खंड, मग तिसरं सत्र. पण त्या तुटक्या वेळात जे झालं त्यात 'एन्ट नो सनशाइन' आहे आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण गीतकाराला त्यातून एवढं मिळतं की एक अख्खी कार्यशाळा नको.

गाण्याचं बीज एका सिनेमात आहे. १९६२ चा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस', दारूच्या आहारी गेलेल्या नवराबायकोची गोष्ट. आपल्यासाठी चांगलं नाही हे ठाऊक असूनही ज्याची ओढ सुटत नाही असं काहीतरी त्यांच्या डोक्यात राहिलं. गाण्यात दारू नाही, सिनेमातलं काहीच नाही. ती गेली की ऊन जातं, एवढंच. आता रचना बघा. प्रस्तावनेचं संगीत नाही, आवाज एकदम सुरू होतो. नेहमीच्या अर्थाने ध्रुवपदही नाही. आणि मधे, जिथे आणखी एक अंतरा असायला हवा, तिथे तो माणूस 'आय नो' हे दोनच शब्द म्हणत राहतो. एकदा नाही, सव्वीस वेळा.

तुम्ही चालीवर शब्द बसवत असाल तर 'डमी' म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल. चाल पक्की होते, शब्द सुचलेले नसतात, तेव्हा आपण तात्पुरतं काहीतरी गुणगुणतो, 'ला ला' किंवा 'दिलबर दिलबर', आणि नंतर खरे शब्द घालतो. ते सव्वीस 'आय नो' म्हणजे डमी होते. विदर्स तिथे पुढे ओळी लिहिणार होते. स्टुडिओतले अनुभवी वादक म्हणाले, राहू दे, आहे तसंच ठेव. आणि त्यांनी ठेवलं. का, तर मी कारखान्यातून आलेला, ही एवढी मोठी माणसं सांगतायत तर असेल बरोबर, असा तो विचार.

घड्याळ लावून तो भाग ऐका. पहिले चार-पाच 'आय नो' ऐकताना वाटतं, आता ओळ पुरी होईल. दहाव्याला आपण अस्वस्थ होतो. पुढे तो श्वास कुठे घेतो याकडे लक्ष जातं. पंधराव्या-सोळाव्याला कळतं की हा माणूस वाक्य पुरं करूच शकत नाहीये. त्याला सगळं कळतं, आणि कळून उपयोग नाही. तिथे अंतरा लिहिला असता तर तो चांगलाच झाला असता, पण तो त्या दुःखाचं वर्णन झाला असता. हे दुःखच आहे. आणि हे कुणाला सुचलेलं नाही, हे फक्त कुणीतरी पुसलं नाही. मी माझ्या वहीत आजही डमी खोडत नाही, शेजारी खरे शब्द लिहितो आणि दोन्ही गाऊन बघतो. दहातून एकदा डमी जिंकतो.

हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला 'हार्लेम' होतं. रेडिओवरच्या निवेदकांनी तबकडी उलटी केली. १९७१ मध्ये ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. रेकॉर्डच्या खपाचा सन्मान म्हणून कंपनीने त्यांना काय दिलं? सोन्याच्या रंगाची संडासाची सीट. त्यांच्या कामाची ती खूण होती आणि त्यांना त्या कामाची लाज कधीच वाटली नाही. मधल्या काळात कारखान्यातून त्यांना कामावरून कमी केलं होतं. ते सांगायचे की एकाच दिवशी दोन पत्रं आली, एक कामावर परत या म्हणून आणि दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गायला या म्हणून.

नोकरी सोडू का, हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रात ओळीओळीमागे तेच आहे. विदर्स यांनी गाणी लिहायला नोकरी सोडली नाही. डेमोचे पैसे नोकरीतून आले, अल्बमचा फोटो नोकरीच्या जागी निघाला. या धंद्याचा भरवसा नाही हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. तुम्हीही सध्या सोडू नका. हा सल्ला भित्रेपणाचा नाही. महिन्याचं भाडं डोक्यावर असलेला माणूस कोणी सांगेल ते लिहितो, आणि मी ते दहा वर्षं केलेलं आहे.

पुढच्या वर्षी 'लीन ऑन मी'. घरात पेटी असेल तर आता उघडा. विदर्स यांनी वर्लिट्झर कंपनीचा एक छोटा इलेक्ट्रिक पियानो घेतला होता आणि वाजवता फारसा येत नव्हता. त्यांनी तीन बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली आणि बोटांची ठेवण न बदलता हात नुसता सरकवत नेला, वर आणि परत खाली. सा रे ग म, म ग रे सा. झालं, गाण्याची सुरुवात झाली. पांढरी एक 'सा' धरून स्वतः करून बघा, अर्ध्या मिनिटात जमेल. शास्त्र शिकलेला माणूस म्हणेल की सगळ्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, एकाच दिशेने अशा सरकवू नयेत, पोरकट वाटतं. पण विषय काय आहे ते पाहा: अडचण आली की माझ्या खांद्यावर टेक, उद्या मला लागेल तेव्हा मी तुझ्या खांद्यावर टेकेन. शेजारधर्माचं गाणं आहे, आणि त्याची चाल शेजाऱ्यालाही वाजवता येते. मधल्या भागात टाळ्या येतात, त्या थेट चर्चमधून उठून आलेल्या. लॉस एंजेलिससारख्या शहरात राहताना त्यांना स्लॅब फोर्कसारख्या गावातली माणसं आठवत होती, जिथे एकमेकांवाचून भागत नाही. जुलै १९७२ मध्ये हे गाणं तीन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

त्याच 'स्टिल बिल' अल्बममधलं 'यूज मी' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते ऐकताना शब्द बाजूला ठेवा आणि ड्रमर जेम्स गॅडसन काय करतोय ते ऐका. ही सगळी वादक मंडळी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या एका बँडमधून आलेली, आणि ती शब्दांच्या मधे येत नाहीत. गीतकार म्हणून मी हे फार उशिरा शिकलो: कमी शब्दांचं गाणं लिहायचं तर रिकामी जागा सांभाळणारा वादक सोबत लागतो. तुमचा तालवादक प्रत्येक पोकळी भरत असेल तर तुम्हाला जास्त शब्द लिहावेच लागतात.

६ ऑक्टोबर १९७२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, त्याचा अल्बम मिळतो. त्यातलं 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' ऐकल्याशिवाय विदर्स पूर्ण होत नाहीत. व्हिएतनामच्या युद्धात उजवा हात निकामी झालेला तरुण सैनिक कुणाला तरी विनवतोय, माझ्यासाठी आईला पत्र लिहून द्या, मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. वकिलाला सांगा, धाकट्या भावाला सैन्यात जायला लागू नये असं काहीतरी करा. युद्ध वाईट असतं हे गाण्याच्या ओळींत कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा तेच, एक हात.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १९७४ मध्ये अली-फोरमन बॉक्सिंग लढतीच्या निमित्ताने आफ्रिकेतल्या किन्शासात झालेल्या संगीत महोत्सवात ते जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग यांच्यासोबत गायले. ससेक्सशी बिनसलं आणि १९७५ मध्ये ती कंपनीच बुडाली. ते कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेले. १९७७ मध्ये 'लव्हली डे' आलं, स्किप स्कारबरो यांच्या जोडीने लिहिलेलं, शेवटी एकच सूर अठरा सेकंद धरलेला. १९७८ नंतर मात्र सात वर्षं त्यांचा स्वतःचा अल्बम नाही.

का नाही? मोठ्या कंपनीत त्यांना सांगणारे फार झाले. कुणी म्हणे अमुक वाद्यं घाल, कुणी म्हणे एल्विसचं 'इन द गेटो' गा. काळ्या लोकांना काय आवडतं हे सांगणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी त्यांनी 'ब्लॅक्सपर्ट' असा शब्दच काढला होता. खाणींच्या गावात वाढून पस्तिशीच्या आत 'लीन ऑन मी' लिहिलेल्या माणसाला गरिबीवरचं दुसऱ्याचं गाणं गायला सांगायचं, हे मला आजही वाचवत नाही. यावर वाचकांचं मत वेगळं असू शकतं. काही जण म्हणतात त्यांनी थोडं जुळवून घ्यायला हवं होतं, आणखी दहा चांगले अल्बम मिळाले असते. मला नाही वाटत. जुळवून घेतलं असतं तर अल्बम मिळाले असते, चांगले मिळाले असते असं नाही.

या कोंडीतही एक मोठं गाणं झालं, पण बाहेरच्या घरात. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या अल्बमसाठी राल्फ मॅकडोनल्ड आणि विल्यम सॉल्टर यांनी 'जस्ट द टू ऑफ अस' आणलं. विदर्स यांनी गायचं कबूल केलं, पण शब्दांत हात घालू द्याल तरच, या अटीवर. म्हणून गीतकारांत तिसरं नाव त्यांचं आहे. १९८१ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांना त्याबद्दल दुसरं ग्रॅमी मिळालं. गीतकार म्हणून ही अट लक्षात ठेवा. नुसतं गायला असते तर एका रेकॉर्डिंगचे गायक राहिले असते.

१९८५ मध्ये शेवटचा अल्बम केला आणि ते थांबले. निरोपाचा दौरा नाही, पुनरागमन नाही. पंच्याऐंशीपर्यंतची चौदा वर्षं म्हणजे त्यांची सगळी कारकीर्द. त्यानंतर पस्तीस वर्षं ते जगले, आणि ती पस्तीस वर्षं गाण्यांनी त्यांना सांभाळलं. पत्नी मार्शा त्यांच्या गाण्यांच्या हक्कांचा कारभार बघायच्या.

इथे तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी, रेकॉर्डिंग, म्हणजे एका गायकाने एका दिवशी गायलेलं ते. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या ग्रुपने 'लीन ऑन मी' नव्याने गायलं, ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षीचं गीतकाराचं ग्रॅमी विदर्स यांना मिळालं, ते थांबून तीन वर्षं होत आलेली असताना. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या ग्रुपच्या 'नो डिगिटी' गाण्यात 'ग्रँडमाज हँड्स'चा तुकडा वापरला गेला आणि आजीच्या हातांनी नातवाला पुन्हा एकदा खाऊ दिला. मायकल जॅक्सनने 'एन्ट नो सनशाइन' गायलं ते तर १९७२ मध्येच.

आपल्याकडेही आता मार्ग आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर सिनेमा किंवा रेकॉर्डिंगसाठी लिहिलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जिवाचं रान केलं होतं. ती रॉयल्टी गोळा करते आयपीआरएस ही संस्था. तिचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं नोंदवा. माझं सांगतो. त्या दुरुस्तीच्या बऱ्याच आधी एका कंपनीला मी सहा गाणी एकरकमी देऊन टाकली, करारावर 'सर्व हक्क कायमचे' असं होतं आणि मी सही केली, कारण त्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी भरायची होती. त्यातलं एक गाणं आजही लग्नांत वाजतं. ऐकून आनंद होतो, आणि घशाशी काहीतरी येतं, दोन्ही एकदम.

विदर्स यांना २००५ मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, २०१५ मध्ये रॉक अँड रोलच्या, तिथे त्यांची ओळख करून दिली स्टीव्ही वंडर यांनी. ३० मार्च २०२० ला, ८१ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराने ते गेले. जग नुकतं दारं लावून घरात बसलं होतं आणि ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरातून 'लीन ऑन मी' गात होते.

आता तुमचं गाणं. रात्रपाळी संपवून येणाऱ्या बसवर लिहिलंय. मुखड्यात 'जीवन म्हणजे प्रवास' आहे, तो काढा. तो तुमचा नाही, सगळ्यांचा आहे. दुसऱ्या अंतऱ्यात बसमध्ये झोपलेल्या सहकाऱ्याचं डोकं तुमच्या खांद्यावर येतं आणि तुम्ही स्टॉप आला तरी त्याला उठवत नाही, एक स्टॉप पुढे जाता आणि चालत परत येता. हे गाणं आहे. तिथूनच सुरू करा, प्रस्तावना नको. चाल तुम्ही पंचमाच्या वर नेऊन ठेवलीय, ती खाली आणा. पहाटे साडेसहाला, पाळी करून आलेला माणूस इतक्या वरच्या सुरात बोलत नाही. तिसरा अंतरा जमलेला नाही हे तुम्हीच लिहिलंय. तिथे सध्या काय गुणगुणता ते मला फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, शब्द न घालता, जसं आहे तसं.